वसंतातील स्थलांतर आणि पहिली पक्षीनिरीक्षण फेरी : नवख्यांसाठी मार्गदर्शन

वसंत ऋतूत पक्ष्यांचे स्थलांतर सुरू झाले की अनुभवी पक्षीमित्रांसोबत निघणाऱ्या सकाळच्या फेऱ्यांनाही भर येतो. या फेऱ्या नवख्यांसाठी असल्याचे सांगितले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु आधी काय तयारी करावी, कोणती फेरी निवडावी आणि प्रत्यक्ष झाडाखाली उभे राहिल्यावर काय करावे, हे कोणी नीट सांगत नाही. त्यामुळे पुष्कळ जण पहिल्या फेरीत इतरांच्या बोटांच्या दिशेने नुसतेच पाहत राहतात आणि हा छंद आपल्यासाठी नाही, असे ठरवून मोकळे होतात. मी या फेऱ्यांत आधी शिकाऊ म्हणून आणि पुढे मदतनीस म्हणून सहभागी झालो. पहिल्या दिवशी किती जाती पाहिल्या याला फारसे महत्त्व नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कुठे पाहायचे आणि दिसलेला पक्षी दुर्बिणीत कसा आणायचा, एवढे जमले की पहिली फेरी वसूल झाली असे समजावे. पुढील सूचना त्याच बेताने लिहिल्या आहेत.

१. हंगाम, दिवस आणि वेळ ठरवा

उत्तर गोलार्धात वसंतातील स्थलांतर साधारणपणे फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत चालते. बदके आणि हंस यांसारखे मोठे पाणपक्षी लवकर हलतात, तर कीटकांवर जगणारे वटवटे, माशीमार आणि भिंगऱ्या उत्तरेकडे पुरेसे कीटक मिळू लागल्यावर पोहोचतात. ज्या प्रदेशात पक्षी विणीसाठी येतात तिथे हा आगमनाचा काळ असतो आणि जिथे ते हिवाळा काढतात तिथे निरोपाचा. दोन्हीकडे पाहण्यासारखे पुष्कळ असते, कारण निघण्यापूर्वीच अनेक पक्ष्यांवर विणीच्या हंगामाचे रंग चढू लागतात. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळ्यात पांढरे असते आणि डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका दिसतो. वसंतात तेच डोके चॉकलेटी होते, आणि एकाच थव्यात पांढरी, चितकबरी आणि गडद अशी तिन्ही प्रकारची डोकी दिसतात. या तीन वेगळ्या जाती असाव्यात, असे नवख्याला वाटणे अगदी साहजिक आहे.

बहुतेक लहान गाणारे पक्षी रात्री प्रवास करतात. रात्रीची हवा थंड आणि शांत असते, शिकारी पक्ष्यांचे भय कमी असते आणि दिशा राखण्यासाठी ताऱ्यांचा उपयोग होतो. पहाटे हे पक्षी मिळेल त्या झाडीत उतरतात आणि लगेच खाण्याच्या मागे लागतात, म्हणून सूर्योदयानंतरचे पहिले तीन-चार तास सर्वांत चांगले असतात. या नियमाला दोन अपवाद आहेत. गरुड, घारी यांसारखे मोठे शिकारी पक्षी तापलेल्या हवेच्या वर चढणाऱ्या झोतांवर तरंगत जातात, त्यामुळे ते ऊन तापल्यावर दिसतात. आणि समुद्रकाठच्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. भरतीचे पाणी चढू लागले की हे पक्षी काठाकडे सरकतात, म्हणून किनाऱ्यावरची फेरी असेल तर आयोजकाने भरतीची वेळ पाहिली आहे का, हे विचारून घ्यावे.

हवामानाचाही थोडा विचार करावा. रात्री पाठीमागून अनुकूल वारा असेल तर पक्षी मोठ्या संख्येने पुढे सरकतात; वाटेत पाऊस किंवा समोरचा वारा आडवा आला तर ते थकून खाली उतरतात आणि एरवी सामान्य वाटणारी बाग सकाळी पक्ष्यांनी भरलेली असते. त्यामुळे रात्री पाऊस झाला म्हणून सकाळची फेरी परस्पर रद्द समजू नये. पाऊस थांबल्यानंतरची सकाळ अनेकदा उत्तम असते.

२. आपल्याला झेपेल अशी फेरी निवडा

मे आणि ऑक्टोबर महिन्यांच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक स्थलांतरित पक्षी दिन पाळला जातो. त्या सुमारास निसर्गमंडळे, उद्याने आणि अभयारण्ये नवख्यांसाठी फेऱ्या ठेवतात आणि अनेक ठिकाणी दुर्बिणीही वापरायला देतात. सुरुवात करण्यासाठी हा दिवस सोयीचा आहे, मात्र गर्दीही त्याच दिवशी सर्वाधिक असते. शक्य असल्यास त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यातील साधी फेरी निवडावी.

नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकाला काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. गटात किती माणसे असतील आणि त्यांच्यामागे मार्गदर्शक किती? एकूण किती अंतर चालायचे आहे आणि वाट सपाट आहे की चढाची? फेरी किती वेळ चालते आणि मधूनच परत फिरण्याची सोय आहे का? स्वच्छतागृह कुठे आहे? दुर्बीण मिळेल का? लहान मुले किंवा चाकांची खुर्ची वापरणारी व्यक्ती सोबत असेल तर चालेल का? पाऊस आल्यास निरोप कसा कळेल? एका मार्गदर्शकामागे दहा-बारा माणसे असतील तर सर्वांना पक्षी दाखवता येतो. त्याहून मोठा गट असेल तर मागच्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा फक्त उडून गेलेल्या पक्ष्याचे नाव येते.

येथे एक सापळा आहे, तो लक्षात ठेवावा. ‘एका सकाळी अमुक इतक्या जाती’ असे आश्वासन देणारी फेरी नवख्यांसाठी नसते. तिथे वेग महत्त्वाचा असतो आणि नेहमीचे पक्षी थांबून पाहिले जात नाहीत. छायाचित्रणासाठी काढलेली सहलही वेगळी असते. तिथे एकाच पक्ष्यासमोर तासभर थांबणे, प्रकाशाची वाट पाहणे हे सगळे योग्यच आहे, परंतु केवळ दुर्बीण घेऊन आलेला माणूस तिथे कंटाळतो. ‘सावकाश चालणे’, ‘नवख्यांसाठी’, ‘ओळख करून घेणे’ असे शब्द ज्या निमंत्रणात आहेत त्याला प्राधान्य द्यावे.

३. सोबत घ्यायच्या वस्तू

- दुर्बीण, आणि तिचा पट्टा छातीपर्यंत येईल इतका आखूड केलेला
- लहान वही आणि पेन्सिल, कारण ओल्या हवेत पेनाची शाई फुटते
- त्या प्रदेशातील पक्ष्यांचे खिशात मावणारे सचित्र पुस्तक
- पूर्ण चार्ज केलेला आणि आवाज बंद ठेवलेला मोबाईल
- पाणी, थोडे कोरडे खाणे आणि नेहमीची औषधे
- टोपी, हलका रेनकोट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायांत मुरलेले बूट
- नोंदणीची पावती, आणि संरक्षित क्षेत्रात जायचे असल्यास ओळखपत्र व प्रवेशपरवाना

कपड्यांचा रंग मातकट, करडा किंवा गडद हिरवा असावा. पांढराशुभ्र आणि भडक रंग टाळावेत. सैनिकी ठिपक्यांचे खास कपडे घेण्याची काहीही गरज नाही. हालचाल कमी ठेवली तर साधा खाकी सदरा पुरतो. उलट, चुरचुर आवाज करणारे प्लास्टिकचे जाकीट कितीही महाग असले तरी निरुपयोगी आहे. गवतातून चालायचे असेल तर पँटचे पाय मोज्यांत खोचावेत आणि घरी परतल्यावर गोचिडी चिकटल्या आहेत का, हे तपासावे.

४. दुर्बीण घरीच जुळवून घ्या

नवख्यांचा सर्वाधिक वेळ वाया जातो तो इथे, म्हणून हा भाग सविस्तर सांगतो.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ याचा अर्थ वस्तू आठपट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आहे. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो, म्हणजे येथे सुमारे ५.२५ मिलिमीटर, पहाटेच्या अंधुक प्रकाशात त्याचा उपयोग होतो. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण अधिक चांगली असणार, असे वाटते खरे, पण ती हाताची थरथरही तितकीच वाढवते आणि तिच्यात दिसणारा परिसर सहसा अरुंद असतो, त्यामुळे पानांत हलणारा लहान पक्षी त्यात सापडत नाही. सुरुवातीला आठपटच ठीक. उधार मिळाली तर उत्तम. पहिल्या एक-दोन फेऱ्या होईपर्यंत विकत घेण्याची घाई करू नये.

जुळवणी या क्रमाने करावी. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी कडा आत फिरवाव्यात, नसेल तर बाहेर काढाव्यात. मग दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचे एकच वर्तुळ दिसेल असे अंतर ठरवावे. त्यानंतर दूरची एखादी ठळक पाटी समोर धरून उजवा डोळा मिटावा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरे स्पष्ट करावीत. आता डावा डोळा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच अक्षरे उजव्या डोळ्याला स्पष्ट करावीत. काही दुर्बिणींत ही कडी मधल्या चाकातच असते. तिच्यावरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवावे, कारण हाताळताना ती सरकते. यापुढे फक्त मधले चाक फिरवायचे.

दुसरी गोष्ट सरावाची आहे. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी शोधावा, नजर त्याच्यावर खिळवून ठेवावी आणि मान न हलवता दुर्बीण वर उचलून डोळ्यांसमोर आणावी. नवखा माणूस पक्षी दिसताच खाली दुर्बिणीकडे पाहतो, मग दुर्बिणीतून झाड शोधतो, तोवर पक्षी गेलेला असतो. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा कावळा, तारेवरचे कबूतर, लांबच्या झाडाचे एखादे पान अशा वस्तूंवर रोज काही मिनिटे हा सराव केला तर फेरीच्या दिवशी मोठा फरक पडतो. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. उडत्या पक्ष्याचा मागोवा घेताना हे विसरले जाते आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

५. आदल्या दिवशी थोडाच अभ्यास करा

संपूर्ण पुस्तक चाळू नये, त्याने गोंधळच वाढतो. ईबर्ड या नोंदसंग्रहात एखाद्या ठिकाणी कोणता पक्षी वर्षाच्या कोणत्या आठवड्यांत दिसतो, हे स्तंभांच्या तक्त्यात पाहता येते. आपण जाणार त्या ठिकाणाचा तक्ता उघडून त्या आठवड्यात जाड स्तंभ असलेले आठ-दहा पक्षी निवडावेत आणि तेवढ्यांचीच चित्रे नीट पाहावीत. मर्लिन हे ओळखीचे मोफत ॲप असेल तर त्या प्रदेशाचा पक्षीसंच घरीच उतरवून ठेवावा, कारण जंगलात आणि पाणथळ जागी नेटवर्क मिळेलच असे नाही. ईबर्ड आणि मर्लिन ही दोन्ही साधने कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी या संस्थेची आहेत आणि ईबर्ड २००२ पासून सुरू आहे.

६. प्रत्यक्ष फेरीत कसे वागावे

ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे. आपण नवखे आहोत हे मार्गदर्शकाला पहिल्याच भेटीत सांगावे आणि चालताना त्याच्या जवळ राहावे. संकोचाने मागे राहणाऱ्याला सर्वांत कमी दिसते. मात्र मार्गदर्शकाच्या पुढे जाऊ नये. पुढे गेलेला एक माणूस सगळ्या गटाचा पक्षी उडवतो.

पक्षी दाखवण्यासाठी मार्गदर्शक घड्याळाची भाषा वापरतात. समोरच्या झाडाला तबकडी मानले तर शेंडा म्हणजे बारा, उजवे टोक म्हणजे तीन आणि बुंधा म्हणजे सहा. ‘वाळलेल्या फांदीच्या दोन वाजता, आतल्या बाजूला’ असे ऐकले की आधी वाळलेली फांदी नुसत्या डोळ्यांनी शोधावी, मग तिथून दिशा धरावी. कोणते झाड, हेच कळले नसेल तर लगेच विचारावे. आपण स्वतः पक्षी दाखवताना ‘तो बघा, तिथे’ असे म्हणून उपयोग नाही. झाड, फांदी आणि उंची या क्रमाने सांगावे. बोट हळू उचलावे, झटक्याने नको.

एकाच फांदीकडे टक लावून बसण्यापेक्षा पूर्ण झाडावर नजर सैल सोडावी आणि हालचाल टिपावी. वाऱ्याने सगळी पाने एका लयीत हलतात; एखादेच पान वेगळे हलले तर तिथे पक्षी असण्याची शक्यता मोठी. पर्णवटवट्या हा इवलासा हिरवट पक्षी मी अशाच एका थरथरणाऱ्या पानापाशी नीट पाहिला. तो पानाच्या देठाशी बसून मान वाकडी करतो, पानाची खालची बाजू तपासतो, एक अळी टिपतो आणि क्षणभर पंख फडकावून पुढच्या पानावर जातो. त्याचे संपूर्ण अंग एकाच वेळी क्वचितच दिसते. भुवईसारखी फिकट रेघ, मग पंख, मग शेपूट असे तुकडे जोडावे लागतात. या कुळातील जाती ओळखताना मुरलेले निरीक्षकही अडखळतात, म्हणून त्यांपासून सुरुवात करण्याचा हट्ट धरू नये.

सूर्य शक्यतो पाठीशी ठेवावा, नाहीतर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. पाणवठा, फुललेले किंवा फळांनी लगडलेले झाड आणि झाडी संपून मोकळी जागा सुरू होते तो काठ, या तीन ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे शांत उभे राहिल्याने जितके दिसते तितके तासभर चालून दिसत नाही. मार्गदर्शक थांबला की आपणही थांबावे आणि बोलणे बंद करावे. तो बहुधा काहीतरी ऐकत असतो.

७. नाव विचारण्यापूर्वी स्वतः पाहा

पक्षी दिसताच पुस्तकात डोके घालू नये. पुस्तक कुठे जात नाही, पक्षी जातो. आधी आकार मनात धरावा: चिमणीएवढा, मैनेएवढा, कबुतराएवढा की त्याहून मोठा. मग चोच जाड की सुईसारखी, शेपूट लांब की आखूड, कुठे बसला आहे आणि काय करतो आहे, हे पाहावे. रंग शेवटी, कारण प्रकाशानुसार रंग फसवतो. वागणूक मात्र सहसा फसवत नाही: धोबी चालताना शेपूट वरखाली हलवतो, तुतवार पाण्याच्या काठी शरीराचा मागचा भागच सतत डुलवतो, आणि माशीमार ठरलेल्या फांदीवरून हवेत झेप घेऊन बहुधा पुन्हा तिथेच किंवा जवळपास येऊन बसतो. एवढे टिपले की मार्गदर्शकाला ‘हा कोणता?’ असे विचारण्याऐवजी ‘मला हा धोबी वाटतो, बरोबर आहे का?’ असे विचारता येते, आणि मिळालेले उत्तर डोक्यात राहते.

मर्लिन आवाजावरूनही नाव सुचवते. ही सोय उपयुक्त आहे, पण तिने दिलेले नाव ही सूचना असते, पुरावा नव्हे. दुसऱ्या पक्ष्याची नक्कल करणारे पक्षी आणि एकाच वेळी गाणारे अनेक पक्षी ॲपला चकवतात. ॲपने सुचवलेला पक्षी डोळ्यांनी शोधावा किंवा मार्गदर्शकाला त्याचा आवाज ओळखायला सांगावे. दोन्ही जमले नाही तर त्याची नोंद करू नये.

काही पक्षी अनोळखीच राहतील. ‘लहान, हिरवट, अनोळखी’ एवढेच वहीत लिहून पुढे जाणे पूर्णपणे मान्य आहे.

८. काय करू नये

स्थलांतराच्या वाटेवरील पक्षी अक्षरशः खाण्यावर तग धरून असतो. काही लहान पक्षी लांबच्या उड्डाणापूर्वी अंगात इतकी चरबी साठवतात की त्यांचे वजन जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे चरणाऱ्या थव्याला केवळ जवळून पाहण्यासाठी उठवणे ही किरकोळ गोष्ट नाही. त्यात त्याचे इंधन आणि वेळ दोन्ही खर्च होतात. पक्ष्याने चरणे थांबवून आपल्याकडे मान वळवली, तर आपण जरुरीपेक्षा जवळ आलो आहोत असे समजून मागे सरकावे.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावू नये. वसंतात नर आपल्या हद्दीसाठी लढत असतात, आणि तो आवाज त्यांना प्रतिस्पर्ध्याचा वाटतो. घरट्याजवळ थांबणे, फांदी बाजूला करून छायाचित्र काढणे, खाऊ टाकणे आणि दगड मारून पक्षी उडवणे हे सर्व निषिद्ध आहे. मार्गदर्शकच सर्रास आवाज वाजवत असेल, तर पुढच्या वेळी दुसरा गट शोधावा. पैसे दिले आहेत म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही.

घरट्याचे किंवा दुर्मीळ घुबडाचे अचूक ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. छायाचित्रासोबत मोबाईल आपोआप ठिकाण जोडतो, ती सोय आधीच बंद करावी.

९. त्याच दिवशी नोंद पूर्ण करा

वहीतील नोंदी संध्याकाळपर्यंत ईबर्डवर चढवाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी आठवण पुसट होते. सुरुवातीची वेळ, एकूण कालावधी, चाललेले अंतर आणि सोबत्यांची संख्या भरावी. पुढे, ओळखू शकलेल्या सर्व पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का, असा प्रश्न येतो. कावळा-चिमणीसकट ओळखलेले सगळे लिहिले असेल तरच ‘हो’ म्हणावे; फक्त विशेष पक्षी लिहिले असतील तर ‘नाही’. पूर्ण यादीतून कोणता पक्षी दिसला नाही हेही कळते, म्हणून अभ्यासकांसाठी तिचे मोल अधिक आहे. संख्या मोजली नसेल तर इंग्रजी ‘एक्स’ अक्षर लिहिता येते, पण अंदाजाने का होईना, आकडा देणे बरे. एकाच फेरीतील सगळ्यांनी स्वतंत्र याद्या करण्याऐवजी मार्गदर्शकाने केलेली यादी आपल्या खात्यात वाटून घ्यावी आणि त्यातून आपण स्वतः न पाहिलेले व न ऐकलेले पक्षी वगळावेत. असे वगळताना यादी लहान होते याचे पुष्कळांना वाईट वाटते, पण न पाहिलेला पक्षी आपल्या नावावर ठेवण्यात काही अर्थ नाही.

एखाद्या पक्ष्याच्या पायात कडे किंवा रंगीत पट्टी दिसली तर तिचा रंग, ती कोणत्या पायात आणि गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर आहे की खाली, तसेच अक्षरे व आकडे लिहून घ्यावेत आणि शक्य असल्यास दुरून छायाचित्र काढावे. डेन्मार्कमध्ये हान्स ख्रिस्तियान कॉर्नेलियस मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये क्रमांक कोरलेली कडी पक्ष्यांच्या पायांत घालण्यास सुरुवात केली, आणि आजही स्थलांतराचे मार्ग समजण्यासाठी ही पद्धत वापरली जाते. अशी नोंद मार्गदर्शकाकडे द्यावी, म्हणजे ती कडे घालणाऱ्या संस्थेपर्यंत पोहोचते. पुष्कळदा तो पक्षी कुठे आणि कधी पकडला होता, हे त्या संस्थेकडून उलट कळवले जाते.

पुढची फेरी निवडताना नवीन ठिकाणाचा मोह टाळून त्याच जागी आठ-दहा दिवसांनी पुन्हा जावे. वसंतात एवढ्या काळात काही पक्षी निघून जातात आणि काही नवे येतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कोण गेले, कोण आले आणि कोण जागचे हलले नाही, हे वाचून काढता येते.